घोट्याचा गुडघा

तिवशाच्या आसपासच्या वीस-पंचवीस गावांत माणिकबाईच्या हाताला नाव होतं. निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, शेताच्या धुऱ्यावरून पडून सरकलेलं मनगट, काहीही असो, बुधवारी आणि रविवारी सकाळी माणसं तिच्या ओसरीवर येऊन बसत. ती झेंडूच्या वावरातून चिखलाचे हात धुऊन येई, दुखणेकऱ्याला दोन शिव्या हासडी, आणि तो त्या शिव्यांचा विचार करत असतानाच सांधा जागेवर बसवून मोकळी होई. मोठमोठे मिशीवाले गडी तिच्यापुढे 'अवो माय' करत, आणि ती त्यांची भरपूर मजा घेई. ही विद्या सासऱ्याकडून आलेली होती आणि विद्येबरोबर घराण्याचे दोन नेमही आले होते. पैसा घ्यायचा नाही, आणि दारी आलेल्याला हात लावल्याशिवाय परत पाठवायचं नाही.

या दुसऱ्या नेमाने घात केला. माणिकबाईची नात रागिणी, मनोज आणि ललिताची एकुलती एक, अकरा वर्षांची, शाळेत खो-खो खेळताना पडली. उजव्या गुडघ्याच्या जरा वर सूज आली. घरातच हाडं बसवणारी बसलेली असताना कोण कशाला दवाखान्यात जातो? माणिकबाईने तेल कोमट केलं आणि चोळायला घेतलं. रोज संध्याकाळी चोळी. एरवी टणाटणा उड्या मारणारी पोर ओठ चावून, डोळे मिटून पडून राही. सूज काही उतरेना.

बाराव्या दिवशी माणिकबाईचा अंगठा मध्येच थांबला. मुक्या माराची सूज बोटाखाली दबते, जरा इकडे-तिकडे सरकते. ही सरकत नव्हती. ती हाडातूनच बाहेर आली होती, टणक होती आणि गरम होती. माणिकबाईने हात काढून घेतला, पदराला पुसला आणि मुलाला हाक मारली.

"मनोज, गाडी काढ. अमरावतीले घेऊन जा हिले. हे माह्या हातातलं काम नाई."

चाळीस वर्षं ज्या बाईने 'तुमच्या हाताले यश हाय' एवढंच ऐकलं, तिला हे वाक्य बोलायला किती जड गेलं असेल ते तिचं तिला ठाऊक. पण ती बोलली, आणि सोबत गेलीसुद्धा.

अमरावतीच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे प्रकाशासमोर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. मग विचारलं, "कुणी चोळलं का याला?"

मनोजने मान खाली घातली. माणिकबाई पुढे झाली. "मी चोळलं. बारा दिवस. माह्यावर काय ओरडायचं ते ओरडा, पन पोरीचं सांगा."

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मला ही हाडाच्या कॅन्सरची गाठ वाटते. मी हिला सुईसुद्धा लावणार नाही. तपासणीचा तुकडा कुठून काढायचा हे ज्यांना पुढे ऑपरेशन करायचं त्यांनीच ठरवायचं असतं, नाहीतर पुढचं सगळं बिघडतं. अकोल्याला जा. उद्याच जा."

परतीच्या वाटेवर ललिता रडत होती, मनोज गाडी चालवत होता. माणिकबाईच्या डोक्यात मात्र भीतीच्या जोडीने वेगळंच काही घोळत होतं. एवढा शिकलेला माणूस, दारात आलेलं लेकरू, आणि तो म्हणतो मी सुई लावणार नाही. तिला वाटलं, हा नेम आपल्या घराण्यात असता तर किती बरं झालं असतं.

अकोल्याच्या डॉक्टर प्रियदर्शनी तायडे अंगाने लहानखुऱ्या होत्या आणि त्यांचा आवाज घोगरा होता. बारा वर्षं मुंबईला हाडांच्या कॅन्सरचं काम शिकून-करून त्या आपल्या गावी परत आल्या होत्या. पेशंटशी त्या खणखणीत वऱ्हाडीत बोलत, त्यामुळे घाबरलेली माणसंही जरा सैलावत. त्यांनी रागिणीचे फोटो काढले, स्कॅन केले, सुईने तुकडा घेतला. आठ दिवसांनी सगळ्यांना समोर बसवून काही न लपवता सांगितलं. मांडीच्या हाडाचा कॅन्सर आहे, गुडघ्याला लागून आहे. छाती आज साफ आहे.

माणिकबाईने आठ दिवस पोटात धरलेला प्रश्न विचारला. "माह्या चोळन्यानं पसरलं असंल का वो?"

"चोळल्यानं पसरू शकते, मावशी, म्हनून तर चोळू नये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या चोळन्यानं पसरलं का, ते मले माहीत नाई. छातीत आज काई दिसत नाई, एवढंच खरं हाय. तुमाले बरं वाटावं म्हनून मी खोटं बोलनार नाई."

त्या दिवसापासून माणिकबाईने रागिणीच्या पायाला हात लावणं सोडलं. केस विंचरी, तोंड पुसून देई, पाय मात्र नाही.

मग औषधं सुरू झाली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं की आधी औषध, मग ऑपरेशन आणि नंतर पुन्हा औषध, असाच क्रम आहे. गाठ एका जागी दिसते, पण तिचे कण रक्तात निघाले असतील तर त्यांना आधी गाठलं पाहिजे, आणि गाठ औषधाला किती घाबरते तेही त्यातून कळतं. एक औषध लालभडक होतं. ते चढलं की लघवीही लाल होई, तेव्हा पहिल्या वेळी ललिता किंचाळलीच. तोंड आलं, अन्नाचा वास नकोसा झाला, आणि तिसऱ्या आठवड्यात केस उशीवर राहू लागले. रागिणीने आरशात बघून घेतलं आणि म्हणाली, "आजी, तुह्यापेक्षा मीच म्हातारी दिसून राहिली."

माणिकबाई हसली आणि बाहेर जाऊन रडली. आपण लोकांच्या सोशिकपणाच्या गोष्टी फार ऐकतो, पण अकरा वर्षांच्या पोरीने सलाईनच्या सुईकडे बघून 'घाला' म्हणावं आणि नर्सलाच धीर द्यावा, हे माणिकबाईने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिच्या ओसरीवरचे ते मिशीवाले गडी तिला आठवले. त्यांना इथे आणून बसवावं असं तिला वाटलं.

एका दुपारी रागिणीने विचारलं, "आजी, तू माहा पाय आता काहून दाबत नाईस?"

"हात दुखतात माहे," माणिकबाई म्हणाली. ती साफ खोटं बोलत होती आणि पोरीला ते कळलं होतं.

अडीच महिन्यांनी गाठ आकसली. आता ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पायाचं चित्र काढलं आणि तीन वाटा सांगितल्या. पहिली, पाय मांडीतून काढायचा. मांडीचा जेमतेम वीतभर भाग उरेल, त्यावर नकली पाय बसवता येईल, पण तो ओढत चालावं लागेल. दुसरी, खराब हाड काढून तिथे धातूचा सांधा बसवायचा. पाय दिसायला पायासारखा राहील, पण पोर अजून खूप वाढायची आहे. तो सांधा पुन्हा पुन्हा उघडून लांबवावा लागेल, सैल होईल, तिने उड्या मारलेल्या त्याला चालणार नाहीत. आणि हिची गाठ अशा जागी आहे की धातू बसवण्यापुरतं आजूबाजूचं मांस वाचेल याची खात्री नाही.

"अन् तिसरी?" मनोजने विचारलं.

"तिसरी आयकाले विचित्र हाय, म्हनून आधी पुरती आयका. गुडघा अन् त्याच्यावरची गाठ, हा मधला अख्खा भाग काढून टाकायचा. खालचा पाय चांगला हाय, तो फेकायचा नाई. तो वर घेऊन मांडीच्या हाडाले जोडायचा. पन जोडताना अर्धा फिरवायचा, म्हंजे टाच पुढे अन् बोटं मागे. घोटा गुडघ्याच्या जागी येते अन् गुडघ्याचं काम करते. त्याच्याखाली नकली पाय. पोरगी धावू शकते, सायकल चालवू शकते."

ललिता ताडकन उठली. "उलटा पाय? माह्या पोरीले हडळ करता का?"

वऱ्हाडात लेकरू चालायला लागतं तेव्हापासून ऐकतं की हडळ ओळखायची तर तिच्या पायांकडे बघावं, तिचे पाय उलटे असतात. धातूचाच बसवा, मनोज पुन्हा पुन्हा म्हणू लागला. पाय पायासारखा दिसला पाहिजे, पोरीच्या जातीचं पुढे कसं होईल. मग तो आईकडे वळला. "हाडाचं तुले समजते. तू म्हनशील ते करू."

माणिकबाईवर असा प्रसंग कधी आला नव्हता. पोर जगावी आणि आपल्या पायाने चालावी, एवढंच तिला हवं होतं, आणि ते आता तिच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं. बारा दिवस चुकलेल्या हातांचा शब्द! ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "चित्रावून मले काई समजत नाई. मी हातानं पायते. असं केलेला एखांदा मानूस हाय का तुमच्यापाशी?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी नितेश आला. चोवीस-पंचवीसचा तरुण, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. बाराव्या वर्षी मुंबईत त्याचं हेच ऑपरेशन झालं होतं. वॉर्डाच्या लांबलचक व्हरांड्यातून तो येत होता तेव्हा माणिकबाई खाटेशी उभी राहून त्याची चाल वाचत होती. माणूस दारात येईपर्यंत त्याचं काय दुखतं हे ओळखायची तिला सवय होती.

"डावा पाय," ती म्हणाली. "खालून नकली हाय. पन गुडघा तुहा सोताचा हाय, बाबू. नकली गुडघा असा वाकत नाई."

नितेश हसायला लागला. "गुडघा नाई, मावशी. घोटा हाय." तो स्टुलावर बसला, पॅन्ट वर सारली, पट्टे सोडले आणि नकली पाय काढून बाजूला ठेवला.

ललिताने तोंडावर पदर धरला. मांडीच्या खाली थेट पाऊल होतं, टाच पुढे, बोटं मागे. माणिकबाई खाली बसली. तिने एकदा रागिणीकडे पाहिलं, मग नितेशकडे. "लावू का हात?"

"लावा नं, त्याच्यासाठीच तर आलो."

तिने डोळे मिटले. आधी मांडी चाचपली, मग हाड जिथे जोडलं होतं ती जागा शोधली. अंगठा वरून खाली नेला, खालून वर आणला. उंचवटा नाही, खड्डा नाही. मांडीचं हाड कुठे संपतं आणि नडगीचं कुठे सुरू होतं ते तिच्या अंगठ्याला लागेना. चाळीस वर्षांत तिने बसवलेल्या हाडांपैकी एकही इतकं सरळ बसलं नव्हतं, हे तिने मनातल्या मनात प्रामाणिकपणे कबूल केलं. पोटरी पुढच्या बाजूला आली होती आणि दगडासारखी भरलेली होती. "पंजा खाली कर," ती म्हणाली. नितेशने पंजा खाली दाबला, पाय सरळ झाला. "वर ओढ." पंजा वर आला, आणि तिच्या हातात एक गुडघा वाकला. शिरा चालू, कातडी ऊबदार, बोटांना गुदगुल्या केल्या तर तो हसत पाय मागे घेत होता.

"काय बाई केलं हे," ती डोळे न उघडता पुटपुटली. "गुडघा गेला तर घोट्यालेच गुडघा केला. मानसाच्या डोक्यात हे आलं तरी कसं!" आणि तिचे डोळे भरून आले. ते दुःखाने नव्हते भरले. एखादं फार सुरेख काम बघितलं की काम करणाऱ्या माणसाला जे होतं, तसं तिला झालं होतं.

रागिणी खाटेवरून खाली वाकून सगळं बघत होती. तिचे प्रश्न सुरू झाले. "खाज कुठे येते? पायाले की गुडघ्याले?"

"पायाले. पन खाजवतो गुडघा."

"सायकल?"

"मोटारसायकल चालवतो."

"लोक हसतात?"

"हसतात. काई भेतात बी. लहान होतो तं लांब पॅन्ट सोडून काई घालत नव्हतो. मंग कटाळा आला. आता उन्हाळ्यात हाफ पॅन्टच घालतो. ज्याले भ्यायचं त्यानं भ्यावं."

"बोटं हलवून दाखव बरं मले."

त्याने पाचही बोटं मागच्या मागे नाचवली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा रागिणी खदखदून हसली, आणि हसता हसताच आईबापाकडे वळून म्हणाली, "मले हेच पायजे."

मनोजने आईकडे पाहिलं. माणिकबाई म्हणाली, "माह्याकडे काय पायतं? जिचा पाय, तिनं सांगितलं. अन् हाडाचं विचारशील तर मी आजवर असं काम पायलं नाई."

ऑपरेशन अकरा तास चाललं. मांडीतली मोठी नस, पायाला हुकूम पोचवणारी, तुटू न देता बाजूला सांभाळून ठेवायची होती, कारण तीच गेली तर नवा गुडघा मुका राहणार. रक्तवाहिन्या कापून पुन्हा सांधायच्या होत्या, त्यासाठी नागपूरहून दुसरे डॉक्टर आले होते. बाहेर बाकावर ललिताने मनोजचा हात धरून ठेवला होता. संध्याकाळी सहा वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तोच घोगरा. "गाठ पुरी निघाली. रक्त चालू झालं. आता दोन दिवस पाऊल गरम राह्यलं पायजे. थंड पडलं तर मंग आपल्याले तो पाय ठेवता येनार नाई."

ते दोन दिवस माणिकबाई काचेपलीकडे उभी होती. नर्स दर तासाला पाऊल बघे आणि एक छोटं यंत्र टेकवी, त्यातून सूं-सूं असा रक्ताचा आवाज येई. माणिकबाई तो आवाज ऐकण्यासाठी कान लावून थांबे. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिला आत घेतलं, हात धुवायला लावले आणि पट्ट्यांतून उघडं ठेवलेलं बोटांचं टोक दाखवलं. "पाहा हात लावून."

"मी नाई लावत, बाई," माणिकबाई म्हणाली. "ह्या हातानं मी बारा दिवस..." तिने हात मागे घेतले.

रागिणी जागी होती. तिचे ओठ सुकले होते. "आजी, लाव नं," ती म्हणाली. "मले पन पायचं हाय का माही बोटं समजतात की नाई."

माणिकबाईने एक बोट पुढे केलं. रागिणीच्या पायाचा अंगठा गरम होता. गुलाबी होता. आणि तो तिच्या बोटाखाली हलला, अगदी थोडा, पण सांगून हलवल्यासारखा हलला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि त्या भिंतीकडे तोंड करून दोन क्षण उभ्या राहिल्या. त्याही शेवटी माणूसच.

पुढचं सगळं लवकर झालं नाही. तपासणीत कळलं की गाठीतला जवळजवळ सगळा कॅन्सर औषधाने आधीच मेला होता. ही मोठी चांगली बातमी. तरी पुन्हा चार-पाच महिने औषधं झाली, आणि दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो काढायचा आहे, तो अजून कित्येक वर्षं. डॉक्टरीणबाई 'बरी झाली' म्हणत नाहीत, 'आज साफ हाय' म्हणतात. हाड जुळल्यावर नकली पाय आला. पहिला महिना रागिणी पडली, चिडली, नकली पाय फेकून दिला, पुन्हा घातला. वाकायचं म्हटलं की तिचा मेंदू नसलेल्या गुडघ्याला हुकूम द्यायचा. घोट्याला द्यायचा हे त्याला शिकवावं लागलं, आणि तिने ते शिकवलं.

माणिकबाईची ओसरी अजून भरते, पण तिथला नेम बदलला आहे. सूज घेऊन आलेल्याला ती आधी फोटो काढून आणायला लावते. फोटो नाही तर हात नाही. लोक कुरकुरतात, म्हातारी भिली म्हणतात. तिला त्याचं काही नाही.

परवाच्या रविवारी ओसरीवर सात-आठ माणसं होती. जाईबाई, गावातली जुनी शेजारीण, वर्षभर लेकीकडे राहून परतलेली, भेटायला आली. रागिणी नकली पाय काढून खाटेवर वारं घेत, पुस्तक वाचत बसली होती. केस कानापर्यंत वाढले होते. जाईबाईची नजर खाली गेली आणि तिने छातीवर हात मारला.

"अवो माय! पोरीचा पाय उलटा!"

एका बाईने कडेवरच्या लेकराचं तोंड फिरवलं. ललिता आतून चादर घेऊन धावली आणि पोरीच्या मांडीवर टाकली. माणिकबाईचं डोकं भणाणलं. जाईबाईच्या सात पिढ्यांची खबर घ्यायला तिने तोंड उघडलं. पण रागिणीने पुस्तकात बोट घालून ते मिटलं आणि चादर शांतपणे बाजूला केली.

"जाईआजी, हा पाय नोय. माहा गुडघा होय. पाय तिकडे खाटीखाली हाय, द्या बरं इकडे."

जाईबाई गोंधळली. मग खरंच वाकली, खाटेखालचा नकली पाय दोन्ही हातांनी बाहेर काढला आणि काय करावं न कळून पोरीपुढे धरला. रागिणीने तो घातला, पट्टे आवळले, 'थँक्यू' म्हणाली, ओसरीच्या तीन पायऱ्या उतरली आणि झेंडूच्या वाफ्यांमधून वही आणायला मैत्रिणीकडे निघून गेली. पाय किंचित बाहेर टाकत, पण भराभर. सगळे तिच्याकडे बघत होते. तोंड फिरवलेलं लेकरूही बघत होतं.

माणिकबाईपुढे एक म्हातारा गुडघा धरून बसला होता. त्याला 'आधी फोटो आण' म्हणायचं होतं तिला. पोर वाफ्यांपलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा कुठे तिने ते म्हटलं, आणि एकही शिवी न हासडता.